मागावरचं बोलणं

वन्सं खाली वाकून वहिनींच्या चपलेचा पट्टा लावत होत्या आणि वहिनी पाय मागं घेत होत्या.

"हलू नका हो. छिद्रच सापडत नाही मला."

"मग राहू द्या. मी नाही आले म्हणून सिनेमा काही थांबत नाही."

"तो नाही थांबायचा. मी थांबेन," वन्सं म्हणाल्या आणि पट्टा ओढून भिंतीच्या आधारानं उभ्या राहिल्या. गुडघे त्यांचेही गेले होते. पण वहिनींना वाकता येत नाही असं या घरात एकदा ठरून गेलं होतं, आणि ठरलेलं मोडायची दोघींचीही रीत नव्हती.

दोन म्हाताऱ्या, दोन खोल्या. एकीचा नवरा तोच दुसरीचा भाऊ. तो गेला आणि या मागं राहिल्या. पदरी पडलं आणि पवित्र झालं म्हणायचं, झालं. सकाळचा चहा वन्सं करत, वहिनींच्या गोळ्या त्यांच्या तळहातावर ठेवत, पाण्याचा पेला पुढं धरत. वहिनी करू देत. शेजारणी म्हणत, नणंद-भावजय असाव्यात तर अशा. माया होती, नाही असं नाही. पण नुसती माया असती तर वन्संनी चाळीस वर्षं चपलांचे पट्टे लावले नसते. वहिनींनी त्यांना तोंडानं कधी दोष दिला नव्हता आणि कधी माफही केलं नव्हतं.

बसथांब्यावर वन्सं बोलतच होत्या. वहिनींचे कान गिरणीतल्या मागांनी केव्हाच नेले होते. उजव्या कानाला मोठा आवाज तेवढा कळे. बाकीचं त्या समोरच्याच्या ओठांवरून उचलत. वन्सं शेजारी उभ्या राहून समोर रस्त्याकडे बघत बोलत होत्या, म्हणून वहिनींना त्यातलं काही कळलं नाही. कळून घ्यायची इच्छाही नव्हती. त्यांना एकच गोष्ट हवी होती. नवऱ्याचा चेहरा एकदा बघायचा होता.

त्याचा फोटो घरात नव्हता. होता तो लग्नातला, तो झडतीच्या वेळी पोलीस घेऊन गेले आणि परत मागायला कुणाची छाती झाली नाही. पहिली काही वर्षं वहिनींना डोळे मिटले की तो दिसायचा. मग नुसते केस दिसू लागले, मग शर्ट. हल्ली शर्टसुद्धा कुठल्या रंगाचा होता त्यावर मन दोन तऱ्हेची उत्तरं द्यायचं. माणूस असा दोनदा जातो हे वहिनींना कुणी आधी सांगितलं नव्हतं.

आणि आता तो सिनेमा सापडला होता. म्हणजे सिनेमा हरवला नव्हताच, हरवला होता त्यातला एक तुकडा. तो अजून लोकांच्या तोंडी होता. प्रेम, गाणी आणि क्रांती, तिन्ही एका तिकिटात. नाटक कंपनीत गाणारी एक मुलगी, भिंतींवर घोषणा रंगवणारा एक तरुण, आणि मध्ये अख्खं सरकार. शेवटी ती गच्चीवरून गाते, खालून मोर्चा जातो, मोर्चात तो असतो आणि वर बघत नाही. गोष्ट एवढीच. पण त्या गाण्यावर दोन पिढ्या रडल्या होत्या. सिनेमाची जोडणी वन्संनी केली होती. त्या काळी फिल्म कापायच्या-जोडायच्या टेबलाशी बाई म्हणजे अप्रूपच. स्टुडिओत सगळे त्यांना कात्रीबाई म्हणायचे.

त्या गाण्यात एक खाच होती. 'जाते आहे रात सख्या रे, दार तेवढे उघड' अशी मूळ ओळ. शेवटचं कडवं संपून ती ओळ पुन्हा येते तेव्हा मधले दोन शब्द गायब. 'जाते आहे रात सख्या रे... उघड.' चित्रालाही तिथं झटका बसतो. लोकांनी ते तसंच उचललं होतं; सहलीला निघालेली पोरंटोरंसुद्धा त्या जागी मुद्दाम अडखळायची आणि हसायची. एका विद्वानानं त्या खाचेवर आख्खं प्रकरण लिहिलं होतं: क्रांतीचा अडलेला श्वास, आणि काय काय. वन्संनी ते वाचलं आणि पुस्तक टेबलावर पालथं घातलं.

खाच वन्संच्या कात्रीची होती. तिथं दादा होता.

दादा म्हणजे वन्संचा थोरला भाऊ, वहिनींचा नवरा, गिरणीत मागावर होता. सिनेमावाल्यांना मोर्चासाठी माणसं हवी होती आणि खिशात दमडी नव्हती. वन्संनी भावाला गळ घातली. तो गिरणीतली माणसं घेऊन आला, पण एका अटीवर: तो स्वतः मागं राहील, त्याचं तोंड दिसता कामा नये. वन्संना तो त्याचा लाजाळूपणा वाटला. गिरणीतला आधीचा संप ज्याच्या टोपणनावानं चालला होता आणि पोलीस ज्याला महिनोन्महिने शोधत होते, तो माणूस आपला दादाच आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वहिनींना ठाऊक होतं. पण असली गोष्ट नणंदेला कोण सांगतं?

चित्रण सुरू असताना कॅमेरा अचानक गर्दीत शिरला. वन्सं कॅमेऱ्याच्या शेजारी होत्या. भोंग्यावर गाणं मोठ्यानं लावलेलं, आणि माणसांच्या रेट्यात दादा पुढं ढकलला गेलेला. त्यानं बहिणीकडे बघितलं आणि तोंड उघडलं. जन्मात कधी न गायलेला दादा गात होता. नुसता गात नव्हता, जीव तोडून गात होता. टेबलावर ती फिल्म पाहताना वन्संना वाटलं, याच्यासारखं तोंड आख्ख्या सिनेमात नाही. गातोय म्हणजे त्याला चालणार आहे, हेही वाटलं. त्यांनी ते ठेवलं.

सिनेमा गाजला. गिरणीतल्यांकडे तिकिटाला पैसे नव्हते; वहिनीही गेल्या नव्हत्या. पोलिसांनी पकडून आणलेल्या एका कामगाराला थिएटरात नेऊन बसवलं, आणि पडद्यावर ते तोंड आलं तसं त्यानं बोट केलं. दुसऱ्या दिवशी दादाला गिरणीच्या दारातून उचललं. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. ना कोर्टात, ना तुरुंगात, ना कुठल्या स्मशानाच्या नोंदीत.

मग वन्संनी कात्री घेतली. मूळ फिल्ममधून, गावातल्या प्रत्येक थिएटरच्या प्रतीतून तेवढा तुकडा कापला आणि स्टुडिओमागच्या आवारात जाळला. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "बैल गेला आणि झोपा केला." त्या विषयावर दोघींचं तेवढंच बोलणं झालं.

सिनेमाच्या संग्रहालयाची बाई चाळिशीची होती आणि तिच्या गळ्यात दोन चष्मे लोंबत होते. दोघींना घ्यायला ती पायऱ्यांपर्यंत आली. तळमजल्याच्या बोळात जुन्या फिल्मचा आंबट वास भरून राहिला होता. वन्संनी तो छाती भरून घेतला. वहिनींनी नाकाला रुमाल लावला.

"परदेशात महोत्सवाला गेलेली प्रत आहे," ती बाई वहिनींच्या समोर येऊन, ओठ दिसतील असं सावकाश बोलली. वन्संनी तिला आधी सांगून ठेवलं असणार. "परत पाठवायची राहून गेली. तिथलं एक थिएटर पाडताना सापडली. तिला कुणाची कात्री लागलेली नाही."

"माझीच म्हणा की," वन्सं म्हणाल्या.

"काकू, एक विचारून ठेवते. सिनेमा आम्ही नवा करून पुन्हा दाखवणार आहोत. पण तो चेहरा तुमच्या माणसाचा. तुम्ही हो म्हणालात तरच तो तुकडा बसवू. नको म्हणालात तर गाणं लोकांना माहीत आहे तसंच राहील, खाचेसकट."

"नको कशाला म्हणतील त्या?" वन्सं घाईनं म्हणाल्या, आणि मग वहिनींकडे वळून, अगदी ओठांवर शब्द ठेवून, "एकदा तो आपल्या जागी बसला ना वहिनी, की मी मरायला मोकळी."

वहिनींनी रुमालाची घडी घातली आणि खुर्चीत बसल्या. खुर्च्या जुन्या थिएटरातल्या होत्या. बसलं की करकरत. दिवे गेले.

शेवटचं रीळ तेवढं लावलं होतं. गच्चीवरची ती मुलगी, तिच्या गळ्यातली शीर, तिची बोटं कठड्यावर. वहिनींच्या उजव्या कानात सूर अस्पष्ट घुमत होते, पावसाळ्यात भिंतीपलीकडून यावेत तसे. त्यांनी तो नाद सोडला आणि खालच्या गर्दीकडे बघायला सुरुवात केली.

आणि बघता बघता त्यांना हसू फुटायला लागलं. ही सगळी गिरणीतली माणसं. तो ताणाखात्यातला लंगडा, तो बॉबिनवाला, ती कोपऱ्यात मुठी वळून चाललेली जाडी बाई, जिचा दम्यानं जीव गेला. सगळे मेलेले, सगळे दात काढून चाललेले. थिएटरातल्या लोकांना वाटायचं हे गातायत. कसले गातायत! लंगडा म्हणत होता, "ऊन काय मरणाचं आहे." बॉबिनवाला पुढच्याला सांगत होता, "पायावर पाय देऊ नको रे, भाड्या." जाडी बाई विचारत होती, जेवणाची सुट्टी कधी. दोन पिढ्यांना रडवणारी ती क्रांती भाकरीची वाट बघत होती, आणि हे आजवर कुणाला कळलं नव्हतं, कारण पोलिसांनी नेलेल्या त्या एका कामगाराखेरीज बघणाऱ्यांत गिरणीतलं कुणी नव्हतं.

मागखात्यात सूत इकडून तिकडे नेणारे शेकडो लाकडी धोटे एका वेळी आपटतात. तिथं ओरडून उपयोग नसतो. तिथली माणसं आवाज काढतच नाहीत. तोंड मोठं करायचं, एकेक शब्द ओठांवर नीट मांडायचा, चार माग पलीकडचा तो वाचतो. वहिनींचं लग्न तसंच जमलं होतं. मागांच्या ओळीपलीकडून तो म्हणाला होता, "करतेस का माझ्याशी लग्न?" आणि आख्ख्या खात्याला ते कळलं होतं, कारण तिथं कुजबुजायची सोयच नसते. मुकादमानंच आधी उत्तर दिलं, "कर म्हणावं एकदाचं, धागे तुटतायत त्याचे." वहिनी तेव्हा लाजेनं मागाखाली वाकून बसल्या होत्या. तेव्हा वाकता येत होतं.

पडद्यावर गर्दी फाटली आणि तो आला.

केवढा लहान, हे पहिलं मनात आलं. किती लहान पोरगा हा! त्यांच्या आठवणीतला माणूस त्यांच्याबरोबर म्हातारा होत गेला होता. हा तर मिसरूड नीट न भरलेला, उन्हानं डोळे बारीक केलेला, गालावर घाम. डाव्या भुवईत धोटा लागल्याची खूण. ती खूण वहिनी पार विसरल्या होत्या, आणि आता ती तिथं होती. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

मग त्यांनी त्याच्या ओठांकडे बघितलं.

ओठ मिटले आणि उघडले. चिमे. वन्संना चिमी म्हणणारा जगात तो एकटाच होता. चिमे, मला नको घेऊस. तोंड मोठं करून, एकेक शब्द नीट मांडून, चार माग पलीकडच्या माणसाला सांगावं तसं. तोंड नको घेऊस माझं. मग गर्दीतले पाय दिसले, धूळ दिसली, मग गच्चीवरची मुलगी.

वन्संनी अंधारात वहिनींचा हात पकडला होता.

"पुन्हा लावा," वहिनी म्हणाल्या. त्यांना स्वतःचा आवाज केवढा निघतो ते कळत नसे. तो खोलीभर झाला.

पुन्हा लावलं. या वेळी त्यांनी ठरवलं होतं की ओठांकडे बघायचंच नाही. कान बघितले, केसांची बट बघितली, शर्टाची कॉलर बघितली. कॉलर उसवलेली होती आणि ती त्यांनीच शिवायची ठेवली होती. तरी शेवटी डोळे ओठांवर गेलेच. नको घेऊस.

"आणखी एकदा."

गोंगाट कानावर आला की गिरणीतल्या माणसाचा आवाज आपोआप जातो आणि ओठ बोलायला लागतात. भोंगा त्याच्या डोक्यावर कोकलत होता. त्यानं सवयीनं मागावरचं बोलणं काढलं आणि समोर बहीण आहे, तिनं गिरणीत कधी पाऊल ठेवलेलं नाही, हे त्या घाईत त्याच्या लक्षातच आलं नाही. वाचणारी बायको त्या वेळी दिवसपाळीला मागावर उभी होती. बहिणीला दिसलं उघडलेलं तोंड, आणि कानावर गाणं. तिनं दोन्ही जोडलं. जोडणं हेच तर तिचं काम होतं.

दिवे लागले. वन्संचा चेहरा ओला होता आणि त्या हसत होत्या.

"बघितलंत? कसा गातोय बघितलंत? माझ्याकडे बघून." त्यांनी डोळे पुसले आणि वहिनींच्या अगदी समोर आल्या. "तुम्हाला तर वाचता येतं. 'दार तेवढे'च म्हणतोय ना?"

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. चाळीस वर्षं या बाईवर फेकायला त्यांना काहीतरी हवं होतं. रागाला नाव नव्हतं, पुरावा नव्हता. अजाण पोरीची चूक म्हणून सगळं जग वन्संच्या बाजूनं होतं, आणि वहिनींनी गिळलेलं गिळलेलंच राहिलं होतं. आता आयता धोंडा हातात आला होता. तो नको म्हणाला होता. तुला तोंडावर सांगितलं त्यानं, आणि तू त्याचंच तोंड घेतलंस. एवढं बोललं की समोरची ही म्हातारी जागच्या जागी बसेल आणि पुन्हा उठायची नाही.

"म्हणतोय ना?" वन्संनी पुन्हा विचारलं.

"तेच म्हणतोय," वहिनी म्हणाल्या. "दुसरं काय म्हणणार?"

"मी म्हटलं नव्हतं? जन्मात गायला नाही माझा दादा. त्या दिवशी गायला."

"बेसूर असणार."

वन्संना हसता हसता हुंदका आला. संग्रहालयाची बाईही हसली आणि गळ्यातला एक चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मग बसवू या ना काकू, त्यांना त्यांच्या जागी?"

"नको."

तिला वाटलं काकूंना नीट वाचता आलं नाही. तिनं तेच सावकाश पुन्हा म्हटलं.

"कळलं मला," वहिनी म्हणाल्या. "नको म्हणते आहे. आहे तसं राहू दे."

वन्संचा हात त्यांच्या हातातून निघाला.

"काकू, घाई नाही. घरी जाऊन विचार करा, दोघी बोला."

"चाळीस वर्षांत बोललो नाही, आता काय बोलणार? लिहून घ्या, नको म्हणाली."

"वहिनी, का?" वन्संनी विचारलं. "तो गातोय. तुम्हीच म्हणालात, गातोय. मग का?"

"माझी मर्जी."

असं बोलल्यावर आपण कशा दिसतो हे वहिनींना पडद्याशिवायही कळत होतं. शेवटी त्या संग्रहालयाच्या बाईनंच, बिचारीनं, काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "निदान एक फोटो काढून देऊ का? तुम्हाला घरी ठेवायला? तो कुणाला दाखवायचा नाही."

वहिनींचं तोंड उघडलं. हो म्हणायलाच उघडलं होतं. तेवढ्यासाठी तर त्या आल्या होत्या. भुवईतली ती खूण रोज सकाळी बघता आली असती. केस कसे, शर्ट कसा, हे मनाला पुन्हा विचारावं लागलं नसतं. त्यांनी मान खाली घातली आणि चपलेच्या पट्ट्याकडे बघत बसल्या.

"नको," त्या म्हणाल्या. "नाहीच घ्यायचं त्याचं तोंड."

बसमध्ये वन्सं पुढच्या बाकावर जाऊन बसल्या. शेजारची जागा मोकळी होती, तिच्यावर त्यांनी पिशवी ठेवली. वहिनी मागून त्यांच्या पांढऱ्या अंबाड्याकडे बघत राहिल्या. उतरताना हात द्यायला वन्सं थांबल्या नाहीत. वहिनींनी दांडा धरला, एक पाय खाली सोडला, मग दुसरा, आणि कंडक्टर "सावकाश आजी" म्हणाला ते त्यांनी बघितलं.

घरी आल्यावर वहिनी सवयीनं दारातल्या स्टुलावर बसल्या आणि पाय पुढं केला. वन्सं त्या पायावरून पलीकडे गेल्या. पिशवी खुंटीला लावली, खिडकी उघडली, पुन्हा बंद केली, आणि मग गर्रकन वळल्या.

"तुम्हाला काय वाटतं, माझा कुणी नव्हता तो?"

वहिनींनी पाय मागं घेतला.

"तुमचा नवरा तो दोन वर्षांचा. माझा भाऊ मी जन्मल्यापासूनचा! बोट धरून शाळेत नेलंय त्यानं मला. आणि मी काय केलं? अं? सांगा ना, मी असं काय केलं? एक चांगलं तोंड दिसलं, ते ठेवलं. चोरी केली? चाळीस वर्षं तुमच्या चपला काढल्या आणि घातल्या. वाटायचं, आज निवतील, उद्या निवतील. दगडाला पाझर फुटतो म्हणतात. तुम्ही दगडाच्या वरताण निघालात! मेलेल्या माणसाला दोन क्षण गाऊ दिलं नाहीत तुम्ही. दोन क्षण!"

या घरात वन्संचा आवाज कधी चढला नव्हता. आता तो वहिनींच्या उजव्या कानापर्यंत पोचत होता. वन्सं ताठ उभ्या होत्या. खांदे, जे त्या आल्यागेल्यासमोर नेहमी थोडे आत ओढून घेत, ते सरळ झाले होते, आणि त्या एकदम कात्रीबाई दिसत होत्या, स्टुडिओत पुरुषांवर ओरडणाऱ्या. वहिनींनी तेव्हा त्यांना पाहिलं नव्हतं. तेव्हा अशाच दिसत असणार.

"मी नाही लावणार आता पट्टे. सांगून ठेवते. आणि चहाही ज्याचा त्यानं."

वहिनींचे ओठ हलले. पडद्यावरचे ते शब्द आपोआप येत होते, अगदी नीट, एकामागून एक.

"काय पुटपुटताय?" वन्सं ओरडल्या. "बोलायचं तर मोठ्यानं बोला!"

"रागावा म्हटलं," वहिनी म्हणाल्या. "तुमचा हक्क आहे."

वन्सं आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

वहिनी स्टुलावर बसून राहिल्या. मग भिंतीला हात टेकून हळूहळू वाकल्या. कंबरेत कळ गेली, डोळ्यांसमोर काजवे चमकले, पण हात पट्ट्यापर्यंत गेला. छिद्र सापडायला वेळ लागला. पट्टा सुटला. दुखत होतं, पण वाकता येत होतं.

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी दोन कपांचं आधण ठेवलं. वन्सं आज घेणार नव्हत्या, उद्या कदाचित घेतील, किंवा आता कधीच नाही. हे आधणाला काय कळणार? पाणी तापायला लागलं, भांडं थरथरलं, आणि त्या थरथरीबरोबर वहिनींचा आवाज मागावरच्यासारखा आपोआप गेला. त्या खिडकीकडे वळल्या. समोर भिंत होती, पोपडे आलेली, आणि तिच्यापलीकडे कुणी नव्हतं.

तोंड मोठं करून, एकेक शब्द ओठांवर नीट मांडून त्या म्हणाल्या, "नाही घेऊ दिलं तुझं तोंड. कुणालाच नाही. चिमीलाही नाही सांगितलं. झालं तुझ्या मनासारखं?"

आणि थोडं थांबून, "मी मात्र बघून घेतलं."

आधणाला उकळी आली होती. त्यांनी चहाची पूड टाकली आणि ज्योत बारीक केली.